वसईच्या घंटा आणि शिरोलीचे मामा

दिवस पहिला : बोरिवली – वसई – वज्रेश्वरी

मामा बत्तीस वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत मोल्डर होते, म्हणजे फाउंड्रीत ओतकामाचे साचे करायचे. डिसेंबरात एका लग्नासाठी मुंबईला आले आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिले. जेवताना मी सहज म्हणालो, की चिमाजी आप्पांनी वसईची मोहीम मारली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. नाशिक, भीमाशंकर, थेऊर, मेणवली, पाली, आजही आहेत. रजा मिळाली की एकदा त्या सगळ्या बघत फिरायचंय.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "वजन किती असंल एकेकीचं?"

मी म्हणालो, काहींचं पाच-सहाशे किलो सांगतात.

"एका रसात वतलेली?"

ते मला काय ठाऊक. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडीत होतो. बायको म्हणाली, तुम्ही जा, मला फक्त आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ती गाणं शिकलेली आहे, तिला दगडधोंड्यात रस नाही.

वर्सोव्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे पाऊण तास गेला. वसई गावातून किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. हा किल्ला म्हणजे तटाच्या आतलं एक अख्खं शहर. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, त्यानंतर दोनशेपाच वर्षं इथे त्यांचं राज्य. आत फ्रान्सिस्कनांचं चर्च वेगळं, डॉमिनिकनांचं वेगळं, जेझुइटांचं वेगळं. सेंट जोसेफचा उंच मनोरा अजून उभा आहे. जपानात नागासाकीला १५९७ साली क्रुसावर चढवला गेलेला गोन्सालो गार्सिया इथलाच, वसईत जन्मलेला. रोमने १८६२ साली त्याला संत केलं, भारतात जन्मलेला तो पहिला संत. आज बहुतेक चर्चना छप्पर नाही, भिंतींतून वड-पिंपळ फुटलेत, आणि प्रत्येक कमानीखाली एखादं प्री-वेडिंग जोडपं फोटो काढत असतं.

मामांचं लक्ष वर. मनोऱ्यातल्या रिकाम्या कमानीकडे बोट करून म्हणाले, "हितं व्हती."

त्या रिकाम्या कमानीच मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या. शाळेच्या पुस्तकात वसईची लढाई दोन ओळींत येते. प्रत्यक्षात १७३७च्या मार्चमध्ये ठाणं घेण्यापासून ती सुरू झाली आणि दोन वर्षं चालली. साष्टी बेट पडलं, मग उत्तरेकडची ठाणी. १७३९च्या जानेवारीत तारापूर घेताना मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि दलदल, तोफा पुढे सरकवायला कोरडी जागा थोडकीच. शेवटी सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग ठासले. "किल्ला येत नसेल तर माझं मस्तक तोफेत घालून आत टाका" हे आप्पांचं वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. ती आख्यायिका. पण माणसं इतकी थकलेली होती की असं काहीतरी कुणीतरी बोलणं अगदी शक्य आहे. त्याच वसंतात दिल्लीत नादिरशहा बसला होता, त्यामुळे उत्तरेची काळजी होती ती वेगळीच.

१६ मे १७३९ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. अटी बघण्यासारख्या आहेत. सैन्याने शस्त्रं घेऊन, निशाणं फडकावत बाहेर पडावं, त्यासाठी आठ दिवस. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांच्यासाठी काही चर्च तशीच ठेवावीत. २३ मेला ते बाहेर पडले.

"आठ दिवसांत घंटा कोन उतरवनार?" मामा म्हणाले. "बायकापोरं, सामान, दुखणाईत मानसं. मनोऱ्यावरनं पाच-सहाशे किलो खाली घ्यायला तिकाटनं पायजे, रस्सा पायजे, पंधरा गडी पायजेत. ती राहिलीच."

माझाही अंदाज तोच. आणि 'वसईच्या घंटा' म्हटलं तरी त्या सगळ्या या एका किल्ल्यातल्या असतीलच असं धरू नये. दोन वर्षांत ठाण्यापासून डहाणूपर्यंत ठाणी पडत गेली आणि बहुतेक ठिकाणी चर्च होतं. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्यांचं माहेर वसई.

किल्ला बंदरावर मासळी वाळत होती. एका मावशीकडून सुकेळी घेतली. वसईची वाळवलेली केळी, केळीच्याच सोपटात बांधलेली. मामांना ती इतकी आवडली की नाशिकपर्यंत पुडी संपली. निघता निघता मला आठवलं, याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाई त्यांच्या हवाली केली. घेतल्यापासून त्रेसष्ट वर्षांत. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप बस लेका, सकाळी सकाळी."

मुक्काम वज्रेश्वरीला. इथे आम्ही घंटेसाठी थांबलो नव्हतो. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी याच देवीला केला होता आणि तो फेडला. अकलोलीच्या गरम कुंडात मामांनी पाय सोडले आणि अर्धा तास काढलेच नाहीत.

दिवस दुसरा : नाशिक

नाशिक हायवेला लागलो आणि कसाऱ्याच्या घाटात मामांनी मला घंटा कशी ओततात ते शिकवलं. मी गाडी चालवत होतो म्हणून हातवारे बघता आले नाहीत, पण समजलं ते असं. आधी विटा-मातीचा गाभा. मध्ये खुंटा, त्याला घंटेच्या आकाराची कापलेली फळी, ती गोल गोल फिरवायची म्हणजे माती बरोबर आकाराला येते. "त्याला आमी स्वीप म्हनतो." गाभ्यावर मातीचीच एक खोटी घंटा करायची, हव्या त्या जाडीची. अक्षरं, चित्रं, क्रूस असं जे काही उठून यायला हवं ते मेणात करून तिच्यावर चिकटवायचं. वरून परत मातीचं कवच. जाळ केला की मेण वितळून जातं आणि अक्षरांची जागा कवचात उलटी राहते. कवच उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच परत बसवायचं. आता गाभा आणि कवच यांच्यात जी पोकळी उरली, तिच्यात रस.

"म्हंजे खरी घंटा व्हायच्या आधी एक घंटा मोडायला लागती," मामा म्हणाले.

मातीत शेण आणि केस घालतात, नाहीतर ती तडकते. युरोपात घोड्याची लीद घालत. हे मी वाचलेलं सांगितलं तर मामांनी मान डोलावली, जणू युरोपातले ओतारी त्यांच्याच शिफ्टमधले.

पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ. मूळ नाव रामेश्वर, पण ते कुणी घेत नाही. नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधलं. मालेगावचा किल्ला त्यांचाच, आणि झाशीचे सुभेदार म्हणून तिथला किल्लाही त्यांनी वाढवला. देवळाभोवती तटबंदी, आणि तटाच्या मधोमध एका छत्रीत टांगलेली ती घंटा. हात पोचत नाही, खालून मान वर करून बघायची. तिच्यावरचं साल १७२१ सांगतात. म्हणजे थोरल्या बाजीरावाला पेशवाई मिळून जेमतेम एक वर्ष झालेलं असताना ही घंटा कुठेतरी मातीच्या कवचातून बाहेर येत होती.

नाशिकात खणखणीत आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. माझी एक नाशिकची आत्या होती. तिच्याबद्दल हे लहानपणी ऐकलं होतं, आणि मला वाटायचं नारोशंकर म्हणजे तिचे कोणी सासरे. या घंटेचा आवाज पाच मैलांवर ऐकू जाई म्हणतात. आत्याचाही फार कमी जात नसे.

आम्हाला काही ती घंटा ऐकायला मिळाली नाही. मामा थोडे हिरमुसले. नदीकाठी दुतोंड्या मारुतीपाशी बसलो. या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. शेजारच्या चहावाल्याने, न विचारता, आपण पाहिलेल्या प्रत्येक पुराचं माप दिलं. घंटेबद्दल विचारलं तर म्हणाला, "ती ना, पेशव्यांची." पोर्तुगीजांची म्हटल्यावर त्याने थोडा विचार केला. "असंल. पण तीनशे वर्षं हितंच हाय की."

तीनशे नव्हे, पावणेतीनशे. पण मी दुरुस्त केलं नाही.

दिवस तिसरा : भीमाशंकर

संगमनेर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आठ तास गाडी, दोन तास रांग, वर धुकं. शनीच्या देवळासमोर दोन दगडी खांबांच्या मध्ये घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर क्रूस आहे. तो शोधायला लागतो, कारण शेंदूर, तेल आणि हातांचा घाम यांचा थर बसलाय. माझ्या पुढच्या बाईंनी घंटेला हात लावून तो कपाळाला लावला. त्यांचा अंगठा बरोबर क्रुसावर पडला होता.

इथे लोक घंटा वाजवतात, पण एकामागून एक, थांबतच नाहीत. मामांची एक सवय मला इथे कळली. टोला पडला की ते डोळे मिटून आकडे मोजतात. नाद पूर्ण विरेपर्यंत. फाउंड्रीत असताना ते कास्टिंगवर हातोडी मारून बघत. आत भेग किंवा पोकळी असेल तर आवाज लगेच बसतो, चांगला जिन्नस वाजत राहतो. इथे ते पाचाच्या पुढे जाऊ शकले नाहीत, प्रत्येक वेळी पुढचा भक्त आडवा आला. एका माकडाने उरलेलं फरसाण पळवलं. मुक्काम मंचर.

दिवस चौथा : थेऊर – पुणे – वाई

थेऊरला पोचलो आणि लक्षात आलं की संकष्टी आहे. पंचांग बघून निघायला हवं होतं, हे मला आईने फोनवर सविस्तर सांगितलं. वसईच्या घंटांपैकी एक इथे चिंतामणीला आणि एक महाबळेश्वरला दिली, असं सांगतात. गर्दीत ढकलत ढकलत आम्ही तिच्याखालून गेलो आणि बाहेर पडलो, बस. थोरले माधवराव इथेच १७७२ साली गेले, ती जागाही लांबूनच.

पुण्यात ओंकारेश्वरापाशी मी हट्टाने थांबलो. मामांचं म्हणणं, इथे घंटा नाही तर उतरायचं कशाला. मुठेच्या काठावरचं हे देऊळ, आणि जवळच चिमाजी आप्पांची समाधी. १७ डिसेंबर १७४० रोजी ते गेले. वसई घेऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, थोरला भाऊ बाजीराव त्याच एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला होता. आप्पांचा जन्म १७०७च्या सुमाराचा, म्हणजे वय तेहतीसच्या आसपास. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. वसईत आप्पांचा घोड्यावरचा केवढा तरी पुतळा आहे. इथे बाहेर स्कूटरी लावायला जागा शोधणारी माणसं आणि आत शांतता.

मामा समाधीपाशी वाकले आणि उठताना म्हणाले, "तेतीस? आमच्या बंडूएवढा."

रात्री वाईला. ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर जेवणानंतर बसलो तेव्हा मामांनी माझ्या डोक्यात बरेच दिवस असलेला प्रश्न स्वतःच काढला. तोफा ओतायला धातू हवा असायचा, तो महाग, आणि एवढाल्या घंटा हाती आलेल्या. मग वितळवल्या का नाहीत?

"वितळवून लगीच तोफ व्हत न्हाई," मामा म्हणाले. घंटेच्या काशात शंभराला वीस-बावीस भाग कथील. तेवढं कथील असल्याशिवाय ती गात नाही. पण असा धातू कडक आणि ठिसूळ, काचेसारखा. तोफेला दहाच्या आसपास कथील पुरतं, तिला दणका सोसायचा असतो. म्हणजे घंटेची तोफ करायची तर तेवढंच तांबं वरून ओतायला पाहिजे. "अवघड न्हाई. पण तांबं पायजे, भट्टी पायजे, जानकार मानूस पायजे."

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. युरोपात युद्धाच्या काळात घंटा उतरवून तोफा ओतल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. इथेही मनात आणलं असतं तर जमलं असतं. मला वाटतं, त्या विजयाची खूण म्हणून आणल्या. कुणाला सरळ दिसावं, ऐकू जावं, की हे आम्ही जिंकून आणलंय. हल्ली या घंटांबद्दल बोलताना लोक एकदम सर्वधर्मसमभावावर येतात. मला ते पटत नाही. ही लूट होती, आणि लूट म्हणूनच मिरवली. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आणल्यावर कुणी कानस घेऊन क्रूस घासून टाकला नाही. अक्षरं तशीच, साल तसंच. एक दुपार पुरली असती.

दिवस पाचवा : मेणवली

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. १७६८ साली औंधच्या प्रतिनिधींकडून हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं, आणि मग नानांनी इथे सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेवर घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णू अशी दोन देवळं असा सगळा संसार उभारला. मेणवली दप्तर म्हणून इतिहासवाल्यांना माहीत असलेली मोडी कागदांची रास याच वाड्यातली. वाडा बघताना मामा लाकडी दारांवर, पितळी कड्यांवर हात फिरवत राहिले. चित्रं त्यांनी पाहिलीच नाहीत.

घाटावर सकाळी आठला फक्त तीन बायका धुणं धूत होत्या. कृष्णेचं पाणी कमी, स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. मेणेश्वराजवळ घुमटी, आणि घुमटीत ती.

फोटोत ती मोठी वाटत नाही. जवळ गेल्यावर वाटते. हिरवट काळा रंग, जिथे हात लागतात तिथे सोनेरी. अंगावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी. बोट फिरवलं तर मेरीच्या कपड्याची चुणी लागते. ओताऱ्याने मेणात कोरलेली, मातीने धरून ठेवलेली आणि काशाने भरलेली चुणी.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग घंटेशी जी काही त्यांची पाऊण तास बोलणी झाली त्यात मी नव्हतोच. ओठाची जाडी त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिली. टोला पडतो ती कड सगळ्यात जाड, वर अंग पातळ होत जातं. अक्षरांच्या कडा बघितल्या. डोक्यावरचे कान बघितले, ज्यांतून तिला अडकवतात. "रस वरनं घातलाय, कानाकडनं. तोंड खाली." एका जागी सुईच्या टोकाएवढी दोन भोकं होती, ती बघून त्यांना फार आनंद झाला. "ग्यास. बघ, तवाबी ग्यास धरायचा."

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मी एकटा आलो असतो तर कधीच पाहिली नसती. चर्चमध्ये घंटा अख्खी झुलवतात, चाकाला दोर बांधून. ती झुलली की आतला लोळा दोन्ही बाजूंना आपटतो, समोरासमोर. देवळात घंटा स्थिर, आपण लोळाच ओढतो, बहुतेक एकाच बाजूला. म्हणजे झीज वेगळी पडायला हवी. तिकडचे दोन टोले समोरासमोर, इकडचा एक. मामांनी खाली वाकून आत हात घातला आणि कडेनं बोट फिरवत राहिले. "हितं जरा खोलगट लागतंय... हितंबी लागतंय..." आणि थोड्या वेळाने, "आता ही खरी झीज का मनात आलं म्हनून लागतंय, ते काय सांगता येत न्हाई."

धुणं धुणारी एक मावशी आमचा हा उद्योग बघत होती. तिला विचारलं, हे चित्र कुणाचं?

"देवी हाय की. कडंवर बाळ हाय."

१७०७. मी ते साल मनात इकडून तिकडून फिरवत होतो. त्या वर्षी मार्चमध्ये नगरजवळ औरंगजेब मेला. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून घरी निघाले. लिस्बनमध्ये पाचवा जॉन नुकताच गादीवर आला होता. आणि कुठल्या तरी ओतशाळेत एक माणूस, मामांसारखाच, भट्टीकडे बघत रसाचा रंग ओळखत उभा होता. कुठल्या गावात ते कोण जाणे. आपल्याकडे या सगळ्या घंटा सरसकट पोर्तुगालच्या म्हणतात. पण गोव्याच्या से कॅथेड्रलची प्रसिद्ध सोन्याची घंटा गोव्यातच कुंकळ्ळीला १६५२ साली ओतली गेली. तेव्हा या घंटांपैकी एखादीचा ओतारी कोकणी बोलणारा असला तर मला नवल वाटणार नाही. मामांना ही कल्पना फारच पसंत पडली.

इथवर आणली कशी, यावर आमचं भांडण झालं. मी म्हणालो कल्याणवरून बोरघाट चढवली असेल, बैलगाडीने. मामा म्हणाले, येडा का काय, गलबतातून सावित्रीच्या खाडीनं महाडपर्यंत आणि तिथून पार घाटानं. साडेसहाशे किलो म्हणतात वजन. घाटात बैल कसे जुंपायचे, उताराला मागून दोर कसा धरायचा, सगळं त्यांनी मला रेतीवर काठीने काढून दाखवलं. दोघांपैकी कुणाचं खरं ते त्या बैलांना विचारायला पाहिजे.

शेवटी टोला. मामांनी लोळ्याचा दोर धरला, पण जोरात नाही, जेमतेम. आधी 'टण्ण' असा वरचा आवाज, आणि तो सरला की खालून एक जाड, संथ गुंजन, नदीवर पसरत जाणारं. बायकांनी धुणं थांबवलं नाही, त्यांना सवय आहे. मामांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. एकोणीस, वीस, एकवीस. तेवीसला त्यांनी मान हलवली. "अजून हाय, पन माझा कान संपला."

मी रेकॉर्डिंग बायकोला पाठवलं. दहा मिनिटांनी तिचा फोन. "अरे, यात कोमल गंधार आहे." मी म्हणालो, तानपुऱ्यातही गंधार असतोच की, तूच सांगतेस. तर म्हणाली, तानपुऱ्यातून आपोआप उठतो तो शुद्ध गंधार, हा कोमल आहे. खाली खर्ज आहे, मध्ये षड्ज, आणि हा चक्क कोमल. म्हणून उदास वाटतंय ऐकताना.

नंतर वाचलं, तर खरंच. चर्चच्या घंटेची जी ठरावीक घडण आहे, कडेला जाड, कमरेत आत घेतलेली, तिच्यातून एकाच टोल्यात हे सगळे स्वर निघतात, आणि त्यातला तिसरा कोमलच असतो. आकार बदलला तर स्वर बदलतो. मामांना सांगितलं तर त्यांनी सरळ विचारलं, "म्हंजे वतकामात चूक हाय?" नाही, तशीच करतात. "मग त्या फळीत हाय ते. स्वीपच्या फळीत." त्यांनी हवेत हाताने घंटेची कड काढली, आत घेतली, परत बाहेर सोडली.

संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर त्यांना कोल्हापूरच्या गाडीत बसवलं. पाली बघायची राहिली म्हणून जीव तुटत होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांची डोळ्यांची तपासणी होती. खिडकीतून म्हणाले, "मोजून सांग."

दिवस सहावा : पाली

सातारा सोडून पुणे, खंडाळा, खोपोली, पाली. बल्लाळेश्वराच्या देवळात मी दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. चिऱ्यांच्या सांध्यांत शिसं ओतलेलं आहे इथे, ते मामांना दाखवायला हवं होतं. वसई-साष्टीच्या मोहिमेनंतर आप्पांनी दिलेली घंटा आत टांगलेली आहे. मी बराच वेळ कडेला उभा राहिलो. शाळेची सहल आली होती. प्रत्येक पोराने उडी मारून एकेक टोला दिला, बाईंनी ओरडून ओळ केली, मग परत पोरांनी टोले दिले.

सहल गेल्यावर एक आजोबा आले. त्यांनी एकदाच वाजवली आणि हात जोडून उभे राहिले. मी डोळे मिटले. बाहेर फुलवाल्यांचा गलका, कुणाचा तरी मोबाईल.

गाडीत बसून फोन लावला.

"किती?"

"अकरा."

"अकरा?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. "गर्दी असंल. ऱ्हा तितंच. सकाळी काकड आरतीच्या आधी जा आन् परत मोज."